रेग्युलर एक्सप्रेशनद्वारे मजकूर-पडताळणी
डेटा मॉडेलमधील एखाद्या रकान्यात भरलेला मजकूर ठरावीक नमुन्यात बसतो की नाही, हे तो साठवण्यापूर्वी तपासण्याची ही एक पद्धत आहे. रेग्युलर एक्सप्रेशन या नमुना-लेखनाचा गणिती पाया स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात घातला.

भारतीय पिनकोडसाठी 'पहिला अंक १ ते ९, पुढे ० ते ९ पैकी पाच अंक' असा नमुना पुरतो. नमुन्यात बसणारा प्रत्येक पिनकोड अस्तित्वात असतोच असे मात्र नाही. शिवाय नमुना मजकुराच्या आरंभाशी व अंताशी बांधलेला असावा लागतो. एक्सएमएल स्कीमामध्ये ही बांधणी गृहीत असते. जेसन स्कीमामध्ये नसते. तेथे ती विसरल्यास दहा अंकी भ्रमणध्वनी क्रमांकही पिनकोड म्हणून स्वीकारला जातो.

देवनागरी मजकुराबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे. पायथनच्या प्रमाण रेग्युलर एक्सप्रेशन संचातील 'शब्दातील अक्षर' दर्शवणारे चिन्ह काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. परिणामी केवळ त्या चिन्हावर आधारलेल्या नमुन्यात 'कमल' हे नाव ग्राह्य ठरते, 'मीरा' मात्र नाकारले जाते. व्यक्तिनामांच्या रकान्यावर असा निर्बंध न घालणेच इष्ट. याउलट, त्याच संचातील 'अंक' दर्शवणारे चिन्ह ४११०३० हे देवनागरी अंकही निमूटपणे स्वीकारते.