कोणतें बेलापूर? : ग्रंथपाल आणि संशोधनाचा पहिला पाठ

इतिहासाचा विद्यार्थी ग्रंथालयांत येऊन बेलापूरची माहिती मागतो. ग्रंथपालानें तत्काळ एक पुस्तक काढून दिलें तर त्याचें काम झालें असें दिसेल. परंतु पुस्तक देण्यापूर्वीं ‘कोणतें बेलापूर?’ असें जो विचारतो, तोच संशोधनाचा पहिला पाठ देतो असें आमचें मत आहे.

कारण या नांवाचीं स्थळें एकाहून अधिक आहेत. अहमदनगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं एक बेलापूर आहे. दुसरें बेलापूर कोंकणांत पनवेलच्या खाडीवर असून, तेथील किल्ला मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतला. तिसरें बेलापूर म्हणजे १८७८ सालीं सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानक होय. त्यास प्रवराकांठच्या गांवाचें नांव मिळालें. पण त्याच्या भोंवतीं जें शहर वाढलें तें श्रीरामपूर.

आतां विद्यार्थ्यानें शोध कोठें घ्यावा? मुंबई इलाख्याच्या ग्याझेटियराचा अहमदनगरविषयक सतरावा खंड १८८४ सालचा, तर ठाण्याचे तेरावा व चौदावा हे खंड १८८२ सालचे आहेत. सतराव्या खंडांत ‘श्रीरामपूर’ शोधणाऱ्याच्या हातीं कांहींच लागणार नाहीं, कारण त्या काळीं तें नांवच नव्हतें. बेलापूर राहुरी तालुक्यांत पाहावें लागतें. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, तेव्हां नव्या नांवाखालीं जुने ग्रंथ सांपडणार नाहींत व जुन्या नांवाखालीं नवे सांपडणार नाहींत. गांव तेंच राहतें, पण सूचींतील त्याची जागा बदलते. ही गोष्ट विद्यार्थ्यास कोणी तरी सांगितली पाहिजे, आणि ती सांगणें ग्रंथपालाचें काम आहे.

दुसरा प्रश्न काळाचा. समजा, एका मोडी कागदांत ‘सबा सलासीन मया व अलफ’ असा सन असून बेलापूरचा व फिरंग्यांचा उल्लेख आहे. हा शुहूर सन ११३७ होय. त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले असतां इसवी सन १७३६-३७ येतें. याच वर्षाच्या अखेरीस साष्टी-वसईची मोहीम सुरू झाली. म्हणजे सन उलगडतांच बेलापूर कोंकणांतील असल्याचा बळकट संशय येतो. तथापि तो संशयच. कागदांतील इतर गांवें व माणसें पडताळल्याखेरीज त्यास निर्णय म्हणतां येत नाहीं.

असें शिक्षण देण्याची दृष्टि आपल्याकडे क्रमाक्रमानें आली. अहमदनगरचें वाचनालय १८३८ इतकें जुनें आहे. परंतु ग्रंथ जतन करणें व ते वापरावयास शिकविणें या दोन निराळ्या गोष्टी होत. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून बोर्डन यांस बडोद्यास आणविलें, आणि ग्रंथपालन ही शिकण्याची विद्या ठरली. १९३१ सालीं रंगनाथन यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच सिद्धांत मांडिले. वाचकाचा वेळ वांचवावा हा त्यांपैकीं एक. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची मराठी ग्रंथसूचि १९४४ सालीं निघाली. गणेश हरि खरे यांचें ‘संशोधकाचा मित्र’ हें पुस्तक तर नवशिक्याच्या हातीं साधनें देण्यासाठींच लिहिलेलें आहे.

साधनें आहेत, तीं वापरण्याची संवय नाहीं. एका बेलापुराची घटना दुसऱ्याच्या नांवावर एकदां छापली गेली कीं पुढील लेखक ती तशीच उचलतात. तीन ग्रंथांत आली म्हणून तिला तीन पुरावे मिळत नाहींत; मूळ चूक एकच असते. यांत एका गांवास खोटा इतिहास मिळतो व दुसऱ्याचा खरा इतिहास हरवतो.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथपालानें वर्षारंभीं विद्यार्थ्यास त्याच्याच गांवाचें नांव शोधावयास द्यावें. ग्याझेटियर, ग्रंथसूचि, सनावळीचें कोष्टक व मोडी कागदाची एक प्रतिमा मेजावर ठेवावी. विद्यार्थ्यानें काय सांपडलें तें लिहावें, तसेंच कोठें पाहिलें व कोठें कांहीं आढळलें नाहीं हेंही लिहावें. ‘आढळलें नाहीं’ हे दोन शब्द प्रामाणिकपणें लिहावयास जो शिकला, त्याच्या पुढील लेखनावर आम्ही विश्वास ठेवूं.