जंगल किती तोडावे? वृक्षतोडीच्या मर्यादेचे गणित

एखाद्या जंगलात वर्षभरात जेवढे लाकूड नव्याने वाढते, त्याहून अधिक लाकूड त्या जंगलातून काढू नये, हा वनशास्त्राचा पायाभूत नियम आहे. मुद्दल शाबूत ठेवून केवळ व्याजावर गुजराण करावी, तसाच हा हिशेब. उभी झाडे हे मुद्दल आणि त्यांची वार्षिक वाढ हे व्याज. जेथे मुद्दलालाच हात लागतो, तेथे प्रथम मोठी झाडे, मग रोपे आणि अखेरीस माती जाते.

विचाराचा उगम

युरोपात या विचाराचे श्रेय हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांना दिले जाते. सॅक्सनीतील खाणींना व भट्ट्यांना लाकडाची टंचाई भासू लागली, तेव्हा या खाण प्रशासकाने १७१३ मध्ये ग्रंथ लिहून अखंड उत्पादनाची कल्पना मांडली. महाराष्ट्रात जवळपास त्याच काळात रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी नियम नोंदवले गेले. सागासारखी झाडे परवानगीनेच तोडावीत, कमी पडल्यास लाकूड बाहेरून विकत आणावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. झाड वाढायला लागणारा काळ हाच मर्यादेचा निकष असतो, हे सूत्र त्यात स्पष्ट दिसते.

ब्रिटिश काळात डीट्रिख ब्रँडिस यांनी ब्रह्मदेशातील सागवानी जंगलात झाडांची घेरानुसार वर्गवारी करून तोडीचे प्रमाण ठरवले. १८६४ मध्ये तेच भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले.

मर्यादा कशी ठरते?

एखाद्या प्रजातीचे झाड तोडण्यायोग्य होण्यास लागणाऱ्या काळाला आवर्तन म्हणतात. समजा, ६०० हेक्टर जंगलाचे आवर्तन ६० वर्षांचे आहे. मग त्याचे ६० कूप पाडून दरवर्षी १० हेक्टरचा एकच कूप तोडता येईल. साठाव्या वर्षी अखेरचा कूप तुटेपर्यंत पहिला कूप पुन्हा तयार झालेला असतो. दुसऱ्या पद्धतीत क्षेत्राऐवजी लाकडाचे घनफळ मोजतात आणि वार्षिक वाढीइतकीच तोड मंजूर करतात. मिश्र जंगलात ठरावीक घेराच्या वरचीच झाडे निवडून खुणा केल्या जातात.

हे गणित एका गृहीतकावर उभे आहे. तोडलेल्या जागी नवे झाड उगवले पाहिजे. म्हणूनच तोडीनंतर काही वर्षे त्या कुपात चराई बंद ठेवावी लागते. शेळ्यांनी खोडाचे फुटवे खाल्ले, वणवा लागला किंवा कोवळी झाडे सरपणासाठी गेली, तर कागदावरची मर्यादा पाळूनही जंगल विरळच होत जाते. तीव्र उतार आणि ओढ्याकाठची झाडे तर हिशेबाबाहेरच ठेवावी लागतात.

कायद्याची चौकट

प्रत्येक वनविभागासाठी साधारण दहा वर्षांची कार्य आयोजना तयार केली जाते. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड करण्यास मनाई केली. त्याआधी १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने महसुलापेक्षा पर्यावरणाच्या समतोलाला अग्रक्रम दिला होता. खासगी जमिनीवरील साग, आंबा, मोह, खैर यांसारख्या अनुसूचित झाडांसाठी महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. शहरांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे.

वन हक्क कायदा २००६ नंतर मर्यादा ठरवण्याचा अधिकार काही ठिकाणी ग्रामसभेकडेही आला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वन हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे अधिकार ग्रामसभेच्या हाती आले. बांबू काढणे आणि राखणे या दोन्ही जबाबदाऱ्या तेथे एकाच गावाकडे आहेत.

छत्रपती संभाजीनगरचे चित्र

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्राच्या १६.५१ टक्के क्षेत्रावर वनाच्छादन आहे. त्याचा मोठा वाटा गडचिरोली-चंद्रपूरचा पूर्व विदर्भ आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात आहे. मराठवाडा फार मागे आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील जंगल प्रामुख्याने कन्नड, सोयगाव, सिल्लोड व खुलताबाद परिसरातील डोंगरांवर आहे. ते शुष्क पानझडी असून साग, धावडा, सालई, खैर, पळस ही तेथील झाडे. उथळ माती आणि बेभरवशाच्या पावसामुळे वाढ मंद, म्हणजे व्याजाचा दरच कमी.

कन्नड व चाळीसगाव तालुक्यांत पसरलेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. अभयारण्यात व्यापारी तोडीची मर्यादा जवळजवळ शून्य असते. वाळलेली व पडलेली झाडे हलवण्यासही सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये मनाई केली. तरीही काठावरच्या गावांतील चुलींना सरपण आणि जनावरांना चारा लागतोच. ही मागणी कोणत्याही कुपाच्या नोंदीत येत नाही. स्वयंपाकाचा गॅस, शेताच्या बांधावरील झाडे व गायरानातील वनीकरण यांतून ती भागली, तरच बंदीला अर्थ राहतो.

हा प्रश्न केवळ डोंगरातल्या गावांचा नाही. कन्नड तालुक्यातील डोंगरांत उगम पावणारी शिवना कायगाव परिसरात गोदावरीला मिळते आणि तिचा प्रवाह पुढे नाथसागरात जातो. छत्रपती संभाजीनगर शहर तहान भागवते ते याच जलाशयाच्या पाण्यावर. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पावसाबरोबर वाहत त्याच दिशेने येते. सागाचे झाड साठ वर्षांत पुन्हा उभे करता येते. वाहून गेलेली माती परत आणण्याचे आवर्तन मात्र कोणत्याही कार्य आयोजनेत बसत नाही.