गटविजेतेपद आणि बाद फेरीचे मानांकन : ‘एनबीए’तील बदलत गेलेला नियम

नागापूर (अहिल्यानगर), प्रतिनिधी

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज या संघांत दोन सराव सामने झाले. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचे, म्हणजेच ‘एनबीए’चे, भारतात झालेले हे पहिलेच सामने. मुंबईकरांनी पाहिलेला किंग्ज संघ त्याआधी २००६ मध्ये बाद फेरीत खेळला होता. त्या मोसमात किंग्जने ८२ पैकी ४४ सामने जिंकले आणि पश्चिम विभागात त्यांना आठवे, म्हणजे शेवटचे मानांकन मिळाले. त्याच विभागात डेन्व्हर नगेट्सनेही नेमके ४४ सामने जिंकले होते. त्यांचे मानांकन मात्र तिसरे! विजय तेवढेच, पराभव तेवढेच आणि मानांकनात पाच पायऱ्यांचे अंतर. डेन्व्हर आपल्या गटात पहिले होते, किंग्ज नव्हते, एवढेच त्यामागचे कारण.

‘एनबीए’मध्ये ३० संघ असून त्यांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग आहेत. त्यांना तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. प्रत्येक विभागात पाच-पाच संघांचे तीन गट, म्हणजे डिव्हिजन, असतात. ही सहा गटांची रचना २००४-०५ च्या मोसमापासूनची; त्यापूर्वी चारच गट होते. प्रत्येक विभागातून आठ संघ बाद फेरीत जातात. पहिल्या मानांकनाचा संघ आठव्याशी, दुसरा सातव्याशी, तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी खेळतो. लढत सात सामन्यांची असते आणि त्यांपैकी चार सामने घरच्या मैदानावर खेळण्याचा मान एकाच संघाला मिळतो. हे चित्र एकदा ठरले की पुढच्या फेरीत नव्याने मानांकन होत नाही. त्यामुळे सुरुवातीचा क्रमांकच मोलाचा ठरतो.

सहा गट करताना नियम केला गेला, की तिन्ही गटविजेत्यांना पहिली तीन मानांकने द्यायची. या नियमातील दोष दुसऱ्याच मोसमात उघडा पडला. २००५-०६ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने ६३, तर डॅलस मॅव्हरिक्सने ६० सामने जिंकले. विभागातील सर्वोत्तम दोन संघ हेच. पण दोघेही एकाच नैऋत्य गटात. साहजिकच डॅलस चौथ्या मानांकनावर घसरले. ५४ विजयांचे फिनिक्स सन्स दुसरे आणि ४४ विजयांचे डेन्व्हर तिसरे झाले. परिणामी विभागाच्या अंतिम फेरीत शोभावी अशी स्पर्स-डॅलस लढत दुसऱ्याच फेरीत झाली. ती सातव्या सामन्यात, तोही जादा वेळेत, डॅलसने जिंकली.

याहून विचित्र प्रकार खालच्या मानांकनांत घडला. पाचव्या क्रमांकाच्या वाट्याला ६० विजयांचे डॅलस, तर सहाव्याच्या वाट्याला ४४ विजयांचे डेन्व्हर येणार होते. शिवाय घरच्या मैदानाचा लाभ मानांकनावर नव्हे, तर विजयांच्या संख्येवर ठरत असल्याने डेन्व्हरविरुद्ध तो सहाव्या संघालाच मिळणार होता. थोडक्यात, पाचवे येण्यापेक्षा सहावे येणे फायद्याचे. साखळीच्या अखेरीस मेम्फिस ग्रिझलीज आणि लॉस एंजलिस क्लिपर्स यांचा सामना झाला, तो मेम्फिसने जिंकला आणि ते पाचवे आले. डॅलसने त्यांचा ४-० असा फडशा पाडला. सहाव्या क्लिपर्सने डेन्व्हरला ४-१ असे हरविले. क्लिपर्स मुद्दाम हरले असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु पराभवात लाभ दाखविणारा नियम कोणत्याही स्पर्धेला शोभत नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये नियम बदलला. तीन गटविजेते आणि उरलेल्यांतील सर्वोत्तम संघ अशा चौघांना विजयांच्या क्रमाने पहिली चार मानांकने मिळू लागली. तरीही गटविजेत्याला चौथ्या स्थानाची हमी राहिलीच. २०१४-१५ मध्ये पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स ५१ विजयांवर चौथे, तर ५५ विजय मिळवूनही मेम्फिस पाचवे आणि स्पर्स सहावे होते. पोर्टलंड मेम्फिसकडून १-४ असे पराभूत झाले. स्पर्सना पहिल्याच फेरीत ५६ विजयांच्या क्लिपर्सशी झुंजावे लागले आणि सातव्या सामन्यात ते बाद झाले.

सप्टेंबर २०१५ मध्ये गटविजेत्यांची ही हमी रद्द झाली. तेव्हापासून मानांकन केवळ विजयांच्या प्रमाणावर ठरते. दोन संघ बरोबरीत असतील तर आधी त्यांच्या आपसातील सामन्यांचा निकाल आणि तोही सारखा असेल तरच गटविजेतेपद पाहिले जाते. तीन किंवा अधिक संघांची बरोबरी झाल्यास मात्र गटविजेत्याला आजही अग्रक्रम आहे. २०२०-२१ पासून सातव्या ते दहाव्या संघांत पात्रता सामने होऊन शेवटची दोन मानांकने ठरतात; तेथेही गटविजेत्याला वेगळी सवलत नाही. गटाचे महत्त्व उरले आहे ते मुख्यतः वेळापत्रकात. गटातील प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी चार सामने होतात, दुसऱ्या विभागातील संघाशी दोनच.

गटांचा हा पेच आपल्या प्रेक्षकांना प्रो कबड्डीमुळे परिचित आहे. २०१७ आणि २०१८ मध्ये बारा संघांचे दोन गट करून प्रत्येकी पहिले तीन संघ बाद फेरीत घेतले गेले. यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे महाराष्ट्राचे दोन्ही संघ एकाच ‘अ’ गटात होते. २०१९ मध्ये गट मोडून एकच गुणतालिका आली आणि पहिले सहा संघ पात्र ठरू लागले. ‘एनबीए’ने मात्र गट कायम ठेवून त्यांचा अधिकार तेवढा काढून घेतला.

सॅक्रामेंटो किंग्ज अखेर २०२२-२३ मध्ये पुन्हा बाद फेरीत पोहोचले. त्या वेळी त्यांनी पॅसिफिक गटही जिंकला होता आणि मानांकन तिसरे होते. अर्थात ४८ विजयांसह ते पश्चिम विभागात तिसरेच असल्याने गटविजेतेपदाविनाही त्यांना हेच स्थान मिळाले असते. पहिल्या फेरीत त्यांच्याच गटातील गोल्डन स्टेट वॉरियर्सने, सहावे मानांकन असताना, त्यांना ४-३ असे हरविले.