पालखी आणि गलबत

लाय पाटलाची गोष्ट आमच्या दिघीत शाळेआधी घरात शिकवली जाते. लाय पाटील सोनकोळी. जंजिऱ्याच्या मोहिमेत त्यानं रात्री होड्या नेल्या आणि सिद्दीच्या तोफांखाली कोटाला शिड्या लावल्या. मागून यायची ती कुमक वेळेवर आली नाही. उजाडायला लागलं तसं शिड्या काढून त्याला माघारी फिरावं लागलं. महाराजांनी त्याच्या धाडसाची कदर केली, पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, आम्ही दर्यात फिरणारी माणसं, पालखी घेऊन काय करू? मग महाराजांनी त्याला गलबत बांधून दिलं आणि गलबताचंच नाव ‘पालखी’ ठेवलं.

आजी ही गोष्ट सुकट निवडता निवडता सांगायची. शिड्यांचा भाग ती भरभर उरकायची. गलबताशी आली की तिचे हात थांबायचे. “राजान् त्याचा ऐकला,” एवढंच म्हणायची आणि पुन्हा सुकट निवडायला लागायची. मला तेव्हा शिड्या आवडायच्या. आता वाटतं, राज्य कसं करावं याबद्दल मी जे काही वाचलं, त्यात आजीच्या त्या वाक्याहून नेमकं फार थोडं आहे. द्यायचं तर समोरच्याला विचारून, त्याच्या कामाला येईल ते द्यावं.

आमच्या घरी गोष्ट लाय पाटलाची, तर दोन घरं सोडून राहणाऱ्या चाचांच्या घरी सिद्दीची. चाचांचे आजोबा जंजिरा संस्थानात चाकरीला होते. दिघीच्या धक्क्यावरून समोर किल्ला दिसतो. पाहुण्यांना तिथली कलालबांगडी तोफ बघायची असते. चाचा मात्र म्हणायचे, “बेटा, तोफ कुठंही ओतता येते. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याचे तलाव, हे बघ आधी.” ते तलाव आजही आहेत. तोफांच्या जोरावर लढाई जिंकता येते, पण वेढ्यात महिनोन्‌महिने टिकायचं तर प्यायला पाणी लागतं. इंग्रज, मराठे, पोर्तुगीज सगळ्यांच्या डोळ्यांत सलत राहिलेला हा किल्ला पडला नाही, त्यात त्या तलावांचा वाटा मोठा.

हे सिद्दी म्हणजे हबशी, आफ्रिकेच्या पूर्व भागातून आलेली माणसं. काही गुलाम म्हणून विकली गेलेली, काही शिपाई आणि खलाशी म्हणून आलेली. त्यांच्यातला सगळ्यात मोठा कर्तबगार पुरुष दख्खनमध्ये होऊन गेला. मलिक अंबर १५४८च्या सुमारास आजच्या इथिओपियात जन्मला, बाजारांतून हातोहात विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्यानं जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवला. १६१०च्या सुमारास खडकी वसवली आणि तिथं नहर आणली. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून, नुसत्या उतारावर, शहरभर फिरलं. तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि ती नहर कित्येक पिढ्यांनी वापरली. आफ्रिकेचं नाव निघालं की आपल्याकडे दुष्काळ आणि जंगल यांच्यापलीकडे कुणी जात नाही. पण महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहराची पाणीयोजना एका आफ्रिकी माणसानं केली होती, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं. आमच्या खाडीपलीकडे मुरूडला गारंबीच्या धरणाचं पाणी मिळालं, तेही नबाबाच्या काळात.

म्हणून नबाबाचं राज्य सुखाचं होतं, असं आजी कधी म्हणाली नाही. राजानं बोलावं आणि प्रजेनं ऐकावं, असाच तो कारभार. १९४८च्या सुरुवातीला मोहन धारियांसारखी तरुण मंडळी संस्थान मुक्त करायला उतरली. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूडचा मुलूख भारतात विलीन झाला. आजी तेव्हा नवी नवरी होती. तिला लक्षात राहिलं ते हे, की आता आपल्याला विचारतील, असं सगळ्यांना वाटत होतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १७ जुलै १९४७ला, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली होती. सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या किती घरांतून त्या एका दिवसाचं श्राद्ध होतं! कुणाचा चुलता, कुणाचा मामा. आमच्याकडे कुणी प्रवासाला निघालं की आजी दारात उभी राहून विचारायची, “बोट भरलेली नाय ना?” तिला वेळापत्रकाशी कर्तव्य नव्हतं. बोटीत किती माणसं घेतात, हे मोजणारा कुणीतरी असावा, एवढीच तिची सरकारकडून अपेक्षा होती.

चाचा तरुणपणी खलाशी म्हणून गेले, केनियातल्या मोंबासात राहिले आणि मग गावी परतले. तिथं कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, त्यांच्या नात्यातले आजही तिथंच आहेत. चाचा किलिंडिनी बंदरात कामाला होते. मोंबासा हे बेटावरचं शहर. दक्षिणेला लिकोनीकडे जायचं तर तेव्हा फेरीबोटीशिवाय गत्यंतर नव्हतं. आजही रोज लाखो माणसं त्या बोटीनं कामाला जातात, आणि पायी चालणाऱ्याला तिकीट नाही. चाचांना याचं फार अप्रूप. “गाडीवाल्यानं पैसे द्यावेत, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईनं का द्यावेत?” पण त्याच खाडीत २९ एप्रिल १९९४ला म्टोंग्वेची फेरीबोट उलटली आणि २७२ माणसं बुडाली. गर्दी झेपण्यापलीकडची होती. ही बातमी ऐकली तेव्हा चाचा आजीसमोर येऊन बसले आणि दोघं पुन्हा ‘रामदास’बद्दलच बोलत राहिली. समुद्राच्या दोन टोकांना गरिबाचं मरण एकाच कारणानं येतं, हे मी त्या संध्याकाळी ऐकलं.

केनियात २००७मध्ये ‘एम-पेसा’ आलं. साध्या फोनवरून, बँकेत खातं नसलं तरी, शहरातला मजूर गावी आईला पैसे धाडू लागला. आपल्याकडे यूपीआय आलं ते २०१६मध्ये. चाचांचा मोंबासातला भाचा फोनवर हे सगळं समजावून सांगायचा तेव्हा चाचा एकच प्रश्न विचारायचे, म्हातारीला पैसे घ्यायला किती चालावं लागतं? कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, असं उत्तर आलं आणि त्यांचं समाधान झालं. तंत्र नवं की जुनं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

आज दिघी-आगरदांडा जंगलजेटी चालते. धक्क्याला लागली की लोखंडी फळी दणकन खाली येते, पाणी उडतं, आधी मोटारसायकली सुटतात, मग पर्यटकांच्या गाड्या. मागोमाग कोळणी पाट्या सावरत उतरतात, शाळेचे मास्तर उतरतात, औषधाची पिशवी छातीशी धरलेला म्हातारा उतरतो. जेटी नसेल तर मुरूडला जायला म्हसळा, तळा, रोहा असा वळसा. त्या जेटीनं गावाला जे दिलं, ते कुठल्याही घोषणेनं दिलेलं नाही.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा टॉवर पडले, खांब आडवे झाले. कित्येक दिवस वीज नाही, त्यामुळे पंप नाही, त्यामुळे नळ कोरडा. शेवटी आम्ही जुन्या विहिरीवरची जाळी काढली. पोहरा कुणाकडे सापडेना. चाचांच्या पडवीत सापडला, तळाशी गंजलेला, पण धड. दोर नायलॉनचा, मासेमारीचा. गावातल्या मुली पहिल्यांदाच पाणी शेंदायला शिकल्या आणि त्यांच्या हाताला घट्टे पडले. पंप वाईट असं मला म्हणायचं नाही. वीज गेली तर काय, हा प्रश्न पंप बसवतानाच विचारायला हवा होता, एवढंच.

आता दिघीचं नाव मोठ्या कागदांवर आहे. इथलं बंदर दिवाळखोरीत गेलं आणि २०२१मध्ये अदानी समूहानं ते ७०५ कोटींना घेतलं. २८ ऑगस्ट २०२४ला केंद्रानं १२ औद्योगिक शहरं मंजूर केली, त्यांत दिघी आहे. बॅरिस्टर अंतुल्यांनी स्वप्न पाहिलेल्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गात आगरदांडा-दिघी पूलही आहे. हे सगळं व्हावं. आमच्या पोरांना मुंबईच्या चाळीत दाटीवाटीनं राहावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं. पण बंदर आलं म्हणजे कोळ्यांच्या होड्या कुठं लागणार, हे ठरलं पाहिजे. पूल झाला तर पायी जाणाऱ्याला त्यावर वाट हवी आणि एसटीही धावायला हवी, आणि ती धावेपर्यंत जेटी बंद होता कामा नये. कारखान्यांना पाणी नेणाऱ्या वाहिनीतून वाटेवरच्या वाडीला आधी पाणी मिळालं पाहिजे. यातलं काहीही अवघड नाही. चारशे वर्षांपूर्वी खडकीत नुसत्या उतारावर पाणी शहरभर फिरवता येत होतं.

पुढच्या ग्रामसभेत मी हेच मांडणार आहे. धक्क्याला किती मोठं जहाज लागेल, हे आम्हाला सांगून झालं. आता मे महिन्यात नळाला पाणी किती वेळ येईल, रात्री दोन वाजता अडलेली बाई दवाखान्यात कशी पोचेल आणि होड्यांना जागा कुठं राहील, हे लेखी द्यावं, आणि ते ठरवताना आमच्या कोळीवाड्यातली बाई टेबलापाशी बसलेली असावी.