आवाज गेला, मान राहिला

अमेरिकेत क्लीव्हलंड शहरी रॉक अँड रोल संगीताचे एक कीर्तिमंदिर आहे. त्याची संस्था १९८३ साली निघाली आणि १९८६ साली एल्व्हिस प्रेस्ली, चक बेरी प्रभृती पहिले मानकरी निवडले गेले. तेथील मुख्य दालनात प्रवेश मिळावयाचा तर गायकाची पहिली ध्वनिमुद्रिका निघून निदान २५ वर्षे लोटलेली असावी लागतात. २०१२ पासून चाहत्यांसही मत देता येते. मात्र ती कितीही पडली तरी त्या सर्वांची मिळून एकच मतपत्रिका धरतात. रसिकांचा मान राखण्याची ही रीत आम्हांस मोठी गमतीची वाटते.

हाच नियम आमच्या कल्याणास लावला, तर तेथील रसिकांनी उराशी धरलेला थोर गवई दारातच अडेल. भास्करबुवा बखले १८६९ साली गुजरातेतील कठोर गावी जन्मले आणि १९२२ साली निवर्तले. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण १९०२ साली आले. म्हणजे त्यानंतर बुवा वीस वर्षे गात होते. तरीही त्यांची एकही तबकडी आपल्या हाती नाही. असे असून, १९२६ साली स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजाने त्यांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव चालविला आहे. ज्याचा स्वर कोणी ऐकलेला नाही, त्याला सर्वश्रेष्ठांत बसविणे हा भाबडेपणा नव्हे काय, असे कोणी विचारील.

आमच्या मते तसे मुळीच नाही. बुवांनी फैज महंमदखां, नत्थनखां आणि अल्लादियाखां अशा तीन थोरांची विद्या घेतली, आणि मिळविलेली विद्या कोंडून न ठेवता मोकळ्या हाताने वाटली. १९१६ सालच्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली त्यांच्या, आणि रुक्मिणीच्या मुखी त्या घातल्या त्यांच्याच शिष्याने, बालगंधर्वांनी. मास्तर कृष्णराव हे त्यांचे दुसरे शिष्य. तबकडीत एका दिवसाचे, एका घटकेचे गाणे राहते. शिष्याच्या गळ्यात गुरूची विचार करण्याची रीत राहते. हा पुरावा दुय्यम खरा, पण हलका नव्हे.

ह्याची साक्ष कल्याणाहून फार लांब शोधावी लागत नाही. ठाणे महानगरपालिका पंडित राम मराठे यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव भरविते. मराठे १९२४ साली पुण्यात जन्मले, ठाण्यास स्थायिक झाले आणि १९८९ साली वारले. १९३८ च्या ‘गोपालकृष्ण’ चित्रपटातील बालकृष्ण तेच. पुढे १९६३ सालच्या ‘मंदारमाला’ने त्यांचे नाव घरोघर नेले. मराठ्यांनी अनेक गुरू केले. त्यांत मास्तर कृष्णराव होते, आणि ‘गोपालकृष्ण’चे संगीतही त्यांचेच. म्हणजे ठाणेकरांनी मानलेला गवई हा कल्याणकरांच्या देवगंधर्वांचा नातशिष्य! दोन्ही गावांनी वेगवेगळ्या काळी आपापला गवई निवडला, आणि हात एकाच वेलीला लागला.

जाता जाता एक गोष्ट नोंदवितो. ठाण्याच्या नाट्यगृहांना राम गणेश गडकरी व डॉ. काशिनाथ घाणेकर, कल्याणच्या रंगमंदिराला आचार्य अत्रे आणि डोंबिवलीच्या नाट्यगृहाला सावित्रीबाई फुले अशी नावे आहेत. गवयाच्या नावाचे त्यांत एकही नाही. कोल्हापूरने केशवराव भोसल्यांना आणि पुण्याने बालगंधर्वांना जे दिले, ते इकडे झाले नाही. आम्हांस त्याचा विषाद वाटत नाही. वास्तूवरचे नाव कोणी वर पाहिले नाही तरी टिकते, उत्सवाला मात्र दरवर्षी माणसे यावी लागतात.

खरी अडचण भाऊराव कोल्हटकरांची आहे. सुभद्रेची भूमिका करून महाराष्ट्राला वेड लावणारे हे गायक नट १९०१ साली, ध्वनिमुद्रण येथे पोचण्याच्या एकच वर्ष आधी, वारले. तबकडी असण्याचा संभवच नव्हता. आणि बुवांप्रमाणे त्यांच्यामागे शिष्यांची मोठी परंपराही उभी नाही. उरल्या आहेत त्या केवळ त्यांना ऐकलेल्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी. त्या आठवणी पुराव्यात धरावयाच्या की नाहीत, ह्याचा निकाल कल्याण-ठाण्याच्या रसिकांनीच द्यावा. आमचे मत त्यांच्या बाजूचे आहे.