नर्स की डॉक्टर? एका तुलनेची गोष्ट

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींशी फोनवर बोलताना एक वाक्य हल्ली हमखास कानावर येतं, "आम्हाला एन.पी. बघते." एन.पी. म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर. ही नर्स रोग्याला तपासते, निदान करते आणि औषधंही लिहून देते. त्यावर इकडून प्रश्न ठरलेला, "म्हणजे डॉक्टर बघतच नाही?" या प्रश्नाला साठ वर्षांचा इतिहास आहे. तो मला फार रंजक वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सबाईंनी आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. खेड्यापाड्यांतल्या मुलांना डॉक्टर मिळत नव्हते, हे त्यामागचं कारण. विरोध दोन्हीकडून झाला. काही डॉक्टरांना ही आपल्या कामात ढवळाढवळ वाटली, तर नर्सिंग शिकवणाऱ्या काहींना ही नर्सिंगशी फारकत वाटली! फोर्डबाई २०२५ साली, वयाच्या १०४व्या वर्षी गेल्या. आपण लावलेल्या रोपाचा वृक्ष त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

पण नर्सच्या हातात रोगी सुरक्षित आहे, हे सिद्ध कसं करायचं? इथे मला शाळेतल्या तुकड्या आठवतात. ‘अ’ तुकडीत निवडक मुलं घालायची आणि निकाल लागला की त्या तुकडीच्या शिक्षकाची पाठ थोपटायची, हा प्रकार आपण सर्वांनीच पाहिला आहे. दवाखान्यातही तसंच. सर्दी-खोकल्याचे रोगी नर्सकडे गेले आणि गंभीर रोगी डॉक्टरकडे, तर नर्सचा निकाल उत्तम दिसणारच. त्यातून कळत काहीच नाही.

यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून वाटणी करणं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात बर्लिंग्टन नावाचं गाव आहे. तिथल्या दोन डॉक्टरांच्या दवाखान्यात १९७१-७२ मध्ये नेमकं हेच केलं गेलं. दवाखान्याशी जोडलेल्या १५९८ कुटुंबांची वाटणी झाली. दोन हिस्से पूर्वीप्रमाणे डॉक्टरकडे, एक हिस्सा नर्स प्रॅक्टिशनरकडे. वर्षभराने पाहिलं तर दोन्ही गटांतल्या लोकांची तब्येत आणि मृत्यूचं प्रमाण सारखंच, समाधानही सारखंच. नर्सेसनी ६७ टक्के भेटी डॉक्टरला न विचारता निभावल्या होत्या. हा अहवाल १९७४ साली प्रसिद्ध झाला.

गंमत पुढेच आहे. नर्सच्या कामाचे पैसे तिथल्या विमा योजनेतून मिळत नसत. त्यामुळे दवाखान्याचं उत्पन्न ५ टक्क्यांनी घटलं. समाजाचा फायदा आणि डॉक्टरांचा तोटा! प्रश्न कौशल्याचा म्हणून विचारला होता, अडलं मात्र पैशाच्या हिशेबावर.

दुसरी मोठी परीक्षा न्यूयॉर्कमध्ये झाली. तिचा निकाल २००० साली आला. ज्यांचा ठरलेला डॉक्टर नव्हता असे १३१६ रोगी, बहुतेक स्पॅनिश भाषिक, चिठ्ठ्या टाकूनच वाटले गेले. इथे नर्सेसना डॉक्टरांइतकेच अधिकार होते. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २००२ साली ३४ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा असं दिसलं की नर्सकडे जाणारे रोगी अधिक समाधानी असतात, पण नर्स वेळही जास्त देते आणि तपासण्याही जास्त सांगते. मग मनात येतं, ते समाधान नर्सचं की तिने दिलेल्या वेळेचं? डॉक्टरलाही तेवढी मिनिटं मिळाली असती तर?

आता आपल्याकडे वळू. २०१८ पासून आपल्या उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यांत नर्सेस आहेत आणि आयुर्वेदाचे पदवीधरही आहेत. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात डॉक्टर नसलेल्यांना मर्यादित औषधोपचाराचा परवाना देण्याचं कलम आलं, तेव्हा देशभर डॉक्टरांनी संप केला. एक बाजू म्हणाली, अमेरिकेत चालतं मग इथे का नाही? दुसरी म्हणाली, ही खेड्यातल्या माणसाच्या जिवाशी खेळी आहे.

मला वाटतं, दोघांनीही बर्लिंग्टनचा धडा पुरता वाचलेला नाही. अमेरिकेतली नर्स प्रॅक्टिशनर आज नर्सिंगची पदवी घेऊन वर पदव्युत्तर शिक्षण घेते. आपल्याकडे सुरुवातीला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम होता. तिकडच्या परीक्षेचा निकाल इकडच्या प्रगतिपुस्तकावर कसा चिकटवणार? आणि ज्या गावात डॉक्टर फिरकतच नाही, तिथे नर्सची तुलना डॉक्टरशी करायची की रिकाम्या खुर्चीशी?

परीक्षा आपली आपणच घ्यायला हवी, तुकड्या नीट पाडून. तोवर उपकेंद्राच्या पायरीवर ताप आलेलं मूल घेऊन बसलेल्या आईला या वादातलं काही ठाऊक नसतं. आत कोणीतरी शिकलेलं माणूस असावं, एवढीच तिची अपेक्षा असते.

असो. परदेशातल्या मंडळींनी आपापले अनुभव जरूर कळवावेत.