मावळातील श्रवण आणि अवधान

पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या दरम्यान येणारे कान्हे ज्या मावळात वसले आहे, त्याच मावळातून वाहत इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते, आणि या नदीकाठच्या बहुसंख्य लोकांना ग्रंथ शतकानुशतके भेटला तो डोळ्यांवाटे नव्हे, तर कानांवाटे. ऑडिओबुक ऐकता ऐकता मन भलतीकडेच निघून जाते, ही आजची तक्रार म्हणूनच मराठी परंपरेला मुळीच नवी नाही. १२९० मध्ये नेवासे येथे सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान, म्हणजे एकवटलेले लक्ष, मागण्याने होतो. पुढे समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकातील दहावा समास श्रोत्याच्या अवलक्षणांसाठी राखला, आणि ऐकायला बसलेल्याचे आळोखेपिळोखे, जांभया, अनावर झोप यांची त्यात बारकाईने नोंद केली.

तथापि वारकरी परंपरेने केवळ उपदेशावर विसंबून न राहता अवधान टिकवण्याची व्यवस्था श्रवणाच्या रचनेतच केली, हे तिचे खरे मोठेपण होय. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात, म्हणजे सात दिवस चालणाऱ्या नामस्मरणाच्या उत्सवात, पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा क्रम असतो, आणि गळ्यातील वीणा खाली न ठेवता विणेकरी आळीपाळीने उभे राहतात. पारायणात व्यासपीठचालक ओव्या म्हणत असताना वाचकांच्या रांगा समोर पोथी ठेवून त्याच्याबरोबर म्हणतात, त्यामुळे कान, डोळा आणि वाणी एकाच ओवीवर राहतात. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात. निरूपण, म्हणजे अभंगाचा अर्थविस्तार, लांबत गेले की बुवा अभंगाच्या ध्रुपदावर परततात, टाळकरी ते उचलतात, मृदंगाची लय चढते, आणि समोर पेंगणाराही सावरून बसतो. १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केल्यावर ही कला शिस्तीने शिकवली जाऊ लागली.

चातुर्मासात घरी किंवा देवळात लावली जाणारी पोथीही बेताबेतानेच ऐकली जाई. श्रीधरांच्या हरिविजयाचे ३६ आणि पांडवप्रतापाचे ६४ अध्याय रोज थोडे थोडे वाचले जात, आणि आधी ऐकलेली कथा पुढच्या वर्षी पुन्हा ऐकण्यात कोणालाच कमीपणा वाटत नसे.

स्वीडनच्या स्टोरीटेल कंपनीने २०१७ मध्ये भारतात पाऊल ठेवल्यानंतर मराठी ऑडिओबुकांचा प्रसार वाढला आणि पुस्तक लोकलच्या गर्दीतही कानाशी आले. अंध वाचकांसाठी तर बोलती पुस्तके हा केवढा आधार आहे. मात्र या श्रवणात श्रोता एकटा पडला: त्याला ध्रुपद उचलायचे नसते, पोथीवर बोट ठेवायचे नसते, आणि मन भरकटले तरी निवेदक थांबत नाही. तेव्हा दोष श्रोत्याच्या दुबळ्या मनाला देणे अन्यायाचे आहे, कारण पूर्वी जे काम सारी सभा करत असे ते आता त्या एकट्यावर आले आहे. ज्याला ऑडिओबुक खरोखर मनात उतरवायचे असेल, त्याने एका वेळी एकच प्रकरण ऐकावे, जमल्यास छापील पुस्तक समोर ठेवावे, निसटलेला भाग निःसंकोच मागे नेऊन पुन्हा ऐकावा आणि ऐकलेले त्याच दिवशी घरात कोणाला तरी सांगावे.